नोकरी सोडताय आणि कंपनीच्या कार्डवर घरचा खर्च पडलाय? मग राजीनाम्याच्या आधी हे करा

कंपनीचं क्रेडिट कार्ड पाकिटात असलं की कधी ना कधी घरचा खर्च त्यावर पडतोच, मुद्दाम नाही पण पडतो. माझं असं झालं, रविवारी मुंबईहून येताना एक्सप्रेसवेवर तळेगावच्या अलीकडे टायर फुटला, बायको-पोरं गाडीत, यूपीआय सारखं फेल, आणि चालणारं कार्ड एकच, कंपनीचं. ९,८४० रुपये. म्हटलं सोमवारी अकाउंट्सला सांगू. तो सोमवार काय आला नाही, दीड महिन्यानी मी राजीनामा टाकला आणि फुल अँड फायनलच्या (एफ अँड एफ, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब) कागदावर १४,१०० रुपये वसुली दिसली, कारण बंगळुरूच्या दोन कॅबच्या पावत्या (२,३१० आणि १,९५०, दोन्ही पक्क्या ऑफिसच्या) मी अपलोडच केल्या नव्हत्या, त्यांनी सगळं एकाच गाठोड्यात बांधलं. नवीन कंपनी रिलीव्हिंग लेटर (जुन्या नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) मागतेय आणि इथे एचआर म्हणतंय नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, मिळणार नाही. हिंजवडी फेज २ मधनं तीन चकरा मारल्या त्यासाठी.

तर पहिलं काम, राजीनामा द्यायच्या आधी. कार्डचं गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट काढा आणि एकेक ओळ बघा, कारण राजीनामा टाकल्यावर काही ठिकाणी एक्सपेन्सच्या पोर्टलचा अ‍ॅक्सेस लगेच कमी करतात. प्रत्येक ओळीपुढे तीनच शेरे: ऑफिसचं, घरचं, मिसळलेलं. घरचं सोपं असतं. डोकं खातं ते मिसळलेलं. समजा गोव्याला कॉन्फरन्स होती, ३ रात्री ऑफिसच्या, पुढं बायकोला बोलावून २ रात्री स्वतःच्या, बिल एकच. मग रूमचा भाव गुणिले २, त्यावरचा जीएसटी, आणि त्या दोन दिवसांचं जेवण, असं वेगळं काढायचं, "अंदाजे निम्मं" असं लिहायचं नाही, अकाउंट्सवाल्यांना अंदाज आवडत नाही. आणि ते बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर असेल तर तेही सांगा, खाजगी वापरावर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, त्यांना ते उलटवावं लागतं. तुम्ही आधी सांगितलंत तर पाच मिनिटांचं काम आहे, ऑडिटमध्ये सापडलं तर तुमच्या नावाची चर्चा.

दुसरं, कार्डची जबाबदारी नक्की कोणाची ते विचारा. कार्डवर तुमचं नाव आहे म्हणून बाकी तुमची असं नसतं. काही कार्डांचं बिल थेट कंपनी भरते. काहींचं तुम्ही भरायचं आणि क्लेम लावून पैसे परत घ्यायचे. दुसऱ्या प्रकारात बाकी राहिली तर सिबिल तुमचं खराब होतं, कंपनीचं नाही, आणि गृहकर्जाला गेल्यावर कळतं. पहिल्या प्रकारात लोक वेगळी चूक करतात, घाईघाईत बँकेच्या अ‍ॅपवरनं थेट कार्डवर पैसे भरून मोकळे होतात. बँकेकडं पैसे पोचतात, पण कंपनीच्या पुस्तकात तो खर्च तसाच बिनहिशोबी लटकत राहतो, आणि वर जमा झालेली रक्कम कुठून आली म्हणून आणखी एक मेल. म्हणून आधी विचारा, "कुठल्या खात्यात भरू?" कंपनीच्या खात्यात सांगितलं तर एनईएफटी करा, नॅरेशनमध्ये (शेऱ्याच्या रकान्यात) एम्प्लॉयी आयडी टाका, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) जपून ठेवा. रोख कुणाच्या हातात देऊ नका, तो कितीही चांगला मित्र असला तरी.

आता मेल. मॅनेजरला तोंडी सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, याला काही किंमत नाही. साधं लिहा: अमुक तारखेला अमुक रक्कम, खर्च वैयक्तिक होता, मी स्वतःहून कळवतोय, भरणा कसा करू ते सांगा. टायर फुटला, पोरं रडत होती वगैरे रामायण नको. झाकली मूठ इथं चालत नाही, कारण स्टेटमेंट दरमहा त्यांच्याकडंही जातं, आणि स्वतःहून सांगितलेला खर्च ही चूक असते पण ऑफिसचा म्हणून क्लेम लावलेला घरचा खर्च ही फसवणूक ठरू शकते, ते प्रकरण मग एचआरवर थांबत नाही. कंपनीनं "जाऊ दे" म्हटलं तरी खूश होऊ नका, परत न घेतलेला असा खर्च इन्कम टॅक्सच्या हिशोबात तुमचं उत्पन्न धरला जातो, कंपनी देते त्या पगाराच्या टीडीएस सर्टिफिकेटमध्ये दिसेल.

"एफ अँड एफमधनं कापून घ्या" हा पर्याय मला पटत नाही. मी तोच धरला होता. रक्कम वादात असली की अख्खी सेटलमेंट भिजत घोंगडं होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, तिच्यात राजीनाम्यानंतरचं वेतन २ कामाच्या दिवसांत द्यायचं आणि वेतनातनं एकूण कपात ५० टक्क्यांच्या वर न्यायची नाही असं आहे, पण नियम दाखवून भांडत बसण्यापेक्षा आधी भरून पावती घेतलेली बरी. हां, पीएफमधनं कापू असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, त्याला असा हात लावता येत नाही.

राहिलं कार्डवर चिकटलेलं बाकीचं. ओटीटी, फास्टॅगचं ऑटो रिचार्ज, कॅबचं अ‍ॅप, जेवण मागवायचं अ‍ॅप, सगळीकडनं कार्ड काढा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑटो डेबिटचे मँडेट (आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी) रद्द करा. माझ्या कार्डवर पोरीच्या ड्रॉइंगच्या अ‍ॅपचे महिन्याला १९९ रुपये जात होते, मला पत्ताच नव्हता. हे नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात करा, म्हणजे शेवटच्या दिवसाआधी निदान एक स्टेटमेंट कोरं येतं. कार्ड तुमच्याच जबाबदारीवरचं असेल तर सगळी बाकी भरून बंद करायची रिक्वेस्ट टाका, आरबीआयच्या नियमानं बँकेनं ७ कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर रोजचे ५०० रुपये तुम्हाला.

रिफंडचं सगळे विसरतात. त्या कार्डवर घेतलेला शर्ट परत केला, पैसे कार्डवरच येणार, तोवर तुम्ही खराडीत नवीन कंपनीत. आधीच कळवून ठेवा की एवढी रक्कम येणार आहे.

आणि "बाकी शून्य" हा अकाउंट्सचा मेल तुमच्या पर्सनल आयडीवर पण पाठवायला सांगा. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा केला की संध्याकाळी सहाला ऑफिसचा मेल बंद, आणि तुमचा तो एकमेव पुरावा आतच राहतो.