कॅफेतून ऑफिसचे काम करताना या चुका टाळा

२०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून साताऱ्याला परतलेल्या बऱ्याच तरुणांनी पुढेही नोकरी इथूनच चालू ठेवली. आठवड्यातले एक-दोन दिवस पुण्याच्या ऑफिसात जायचे आणि उरलेले दिवस साताऱ्यातून काम करायचे, हा क्रम आता अनेक घरांत रुळला आहे. घरी स्वतंत्र खोली नसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळे सदर बझार, राजपथ किंवा पोवई नाक्याच्या आसपासच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेली मंडळी रोज दिसतात. मीही बरेचसे काम असेच करतो आणि ते उत्तम होऊ शकते, असे माझे मत आहे. मात्र नव्याने येणारे लोक त्याच त्या चुका इतक्या नेमाने करतात, की आता त्या लिहून काढणे भाग आहे. ऑफिसात वीज, नेट, जागा आणि माहितीची सुरक्षितता यांची काळजी दुसरे कोणीतरी वाहत असते. कॅफेत ती सगळी आपल्याला वाहावी लागते, आणि नेमका हाच विचार कोणी बसण्याआधी करत नाही.

एकाच नेटवर विसंबून राहणे

आमच्या गल्लीतला एक मुलगा पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुलैमध्ये, धो धो पाऊस चालू असताना, एका तळघरातल्या कॅफेत त्याची दुपारी तीन वाजता परदेशी ग्राहकासमोर मांडणी (प्रेझेंटेशन) होती. सकाळी येऊन त्याने वेग मोजला होता आणि आकडा पाहून तो खूश होता. मांडणी सुरू होऊन दहा मिनिटे झाली असतील, तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर लगेच चालू झाला, दिवे लागले, पंखे फिरू लागले, लॅपटॉप तर बॅटरीवर होताच. पण वायफायचे नावच यादीतून नाहीसे झाले. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “काका, लाईट तर आहे की, मग नेट कसं गेलं?”

कारण अगदी साधे होते. बहुतेक दुकानांत इन्व्हर्टरची वायरिंग काही दिवे, पंखे आणि गल्ल्यापुरतीच केलेली असते. राउटर भलत्याच सॉकेटला लावलेला असतो, आणि बाहेरून येणारी फायबरची तार जिला जोडतात ती डबी राउटरहून वेगळी असेल तर तिलाही स्वतंत्र वीज लागते. दोहोंपैकी एक जरी बंद पडले तरी नेट जाते, आणि वीज परत आल्यावरही ही उपकरणे सुरू होऊन जोडणी मिळेपर्यंत काही मिनिटे जातात. मुलाने फोनचा हॉटस्पॉट चालू केला, पण तळघरात रेंजची एकच काडी होती. मांडणीची फाईलही क्लाउडवरच, लॅपटॉपवर तिची प्रत नाही. शेवटी तो जिन्यावर, पावसाच्या तुषारांत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि माझ्या फोनचे नेट वापरून परत जोडला गेला, तेव्हा ग्राहकाकडची निर्णय घेणारी माणसे निघून गेली होती.

कोणत्याही नव्या कॅफेत चहा सांगण्याआधी मी मालकांना विचारतो, “लाईट गेल्यावर वायफाय चालू राहतं का?” ज्यांनी राउटरला छोटा यूपीएस लावलेला असतो, ते तत्काळ आणि अभिमानाने सांगतात, जे घुटमळतात त्यांच्याकडे मी फक्त ईमेलची कामे करतो. माझे सिम कॅफेच्या फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचे असते, म्हणजे एकीची यंत्रणा कोलमडली तरी दुसरी शिल्लक राहते. ज्या टेबलावर बसायचे त्याच टेबलावर हॉटस्पॉट लावून पाहायचा, दाराशी उभे राहून केलेली चाचणी कामाची नाही. फोन लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडून नेट घेतले तर जोडणी अधिक स्थिर राहते आणि फोनही चार्ज होत राहतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की तासाभराची व्हिडिओ बैठक सहज एक जीबी खाते, आणि मर्यादा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, ज्यावर धड आवाजही जात नाही.

वेगाच्या चाचणीवरही थोडे बोलायला हवे. लोक डाउनलोडचा मोठा आकडा पाहून समाधान मानतात, पण आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोहोचतो तो अपलोडवर. झूमवर अनेकांच्या बैठकीत ७२० पी दर्जाचे चित्र पाठवायला साधारण २.६ एमबीपीएस अपलोड लागते. हा आकडा मोठा नाही, परंतु दुपारी एक वाजता कॅफे भरल्यावर तेवढाही मिळेल, याची हमी सकाळी नऊची चाचणी देत नाही. ज्या वेळी बैठक आहे त्याच वेळी, आदल्या दिवशी, तिथे बसून पाहावे. उतावळ्या लोकांना हा सल्ला फार जड वाटतो, आणि बैठकीत “माझा आवाज येतोय का?” असे सारखे विचारणारेही तेच असतात.

काउंटरला लागून बसणे

एका ताईंचा आवाज बैठकीत मधूनच तुटायचा, मिनिटभर तुटून आपोआप सुरळीत व्हायचा. त्यांनी लॅपटॉपला दोष दिला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले, तरी फरक पडेना. त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा उलगडा झाला. त्यांचे टेबल काउंटरला चिकटून होते, आणि काउंटरवरच्या मायक्रोवेव्हमध्ये पॅटिस गरम करायला ठेवला की आवाज तुटायचा, ओव्हन टिंग करून थांबला की पूर्ववत व्हायचा. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जुन्या पद्धतीचे वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ओव्हनमधून झिरपणारी थोडीशी लहरसुद्धा शेजारच्या लॅपटॉपला पुरते. ब्लूटूथ इयरफोनही त्याच पट्ट्यात असल्यामुळे त्यांचीही तीच गत. ताईंना पाच गिगाहर्ट्झचे वायफाय जोडून दिले आणि टेबल बदलायला लावले, एवढ्यावर भागले. पाच गिगाहर्ट्झ जाड भिंतींतून नीट जात नाही, तेव्हा राउटर असलेल्या खोलीतच बसावे. बैठकीसाठी मी अजूनही वायरचा साधा इयरफोन वापरतो आणि सर्वांना तोच सुचवतो.

एका कॉफीवर चार खुर्च्यांचे टेबल अडवणे

या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होते, कारण ते बाकीच्यांनाही भोगावे लागते. सदर बझारच्या बाजूला एका कॅफेत पूर्वी प्रत्येक टेबलाशी सॉकेट होता आणि मालक लॅपटॉपवाल्यांशी आपुलकीने वागत. तिथे एक नवखे गृहस्थ अकरा वाजता येत, एक कोल्ड कॉफी सांगत आणि चार वाजेपर्यंत चौघांच्या टेबलावर बसत. बसायची जागा भिंतीपासून दूर निवडायची आणि चार्जरची वायर चालण्याच्या वाटेवरून ताणून सॉकेटपर्यंत न्यायची, ही त्यांची रोजची तऱ्हा. जेवणाच्या गर्दीत ट्रे घेऊन येणाऱ्या पोऱ्याचा पाय त्या वायरीत अडकला. चहा शेजारच्या कुटुंबाच्या टेबलावर सांडला, लॅपटॉप फरशीवर आपटला. पोऱ्याचा हात भाजला होता, आणि हे गृहस्थ त्यालाच लॅपटॉपची भरपाई मागत होते.

मालकांनी त्यांना शांतपणे बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळ्या सॉकेटवर चिकटपट्टी होती. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, “दादा, तुमच्यावर राग नाही. पण चार माणसांचं कुटुंब दारातून परत जातं आणि आत एक माणूस एका कॉफीवर बसलेला असतो. आम्ही भाडं कशातून भरायचं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. नीट वागणारे पाच-सहा जण त्या जागेला मुकले.

म्हणून मी साधारण तासा-दीड तासाने काहीतरी मागवतो, एकटा असेन तर दोघांच्या टेबलावरच बसतो आणि एक ते अडीच या वेळेत शक्यतो उठतो. वायर भिंतीच्या कडेने न्यायची. तशी नेता येत नसेल तर बॅटरीवर काम करायचे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा कासच्या फुलांचा हंगाम. त्या काळात शनिवार-रविवारी बाहेरगावच्या पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा लॅपटॉप घेऊन कॅफेत जाऊच नये. दीर्घ बैठका घरी किंवा रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीत बसून कराव्यात. सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात कामाचा आढावा घेणाऱ्यांना कोणीतरी वेळीच थांबवायला हवे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

फोनचा चार्जर लॅपटॉपला लावून “चार्जिंग होत नाही” अशी तक्रार करणे: बऱ्याच लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॉट लागतात, फोनचा १८ वॉटचा चार्जर पुरत नाही. तीन पिनांचा प्लग घेऊन दोन छिद्रांच्या सॉकेटसमोर बसणे: घरून निघताना दोन छिद्रांत बसणारा छोटा अडॅप्टर पिशवीत टाकावा. बैठकीच्या वेळी विंडोजचे अपडेट किंवा फोटोंचे क्लाउडवर चढणे चालू राहू देणे: लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला मीटर्ड कनेक्शन (म्हणजे मोजून वापरायचे नेट) ठरवून ठेवले की बरेचसे थांबते.

काही ठिकाणी वायफायला जोडल्यावर मोबाईल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान येते. कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या यंत्रणेशी सुरक्षितपणे जोडणारे सॉफ्टवेअर, आधीच चालू असेल तर ते पान उघडत नाही आणि लोक काउंटरवर जाऊन नेट बंद असल्याचे सांगतात. कंपनीचे नियम परवानगी देत असतील तर व्हीपीएन थांबवावा, ओटीपी द्यावा आणि लगेच पुन्हा चालू करावा. त्रास नको म्हणून तो दिवसभर बंदच ठेवणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

लॅपटॉपचा पडदा (स्क्रीन) वाटेकडे करून बसणे आणि ग्राहकाचा खाते क्रमांक फोनवर मोठ्याने वाचून दाखवणे, या दोन्ही गोष्टी मी बँकेची कामे करणाऱ्यांकडूनही पाहिल्या आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती जपण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, आणि कंपनीची माणसे म्हणजे आपणच. पाठ भिंतीला लागेल अशी खुर्ची निवडावी. हात धुवायला उठलात तरी पडदा लॉक करावा, आणि शेजारचा माणूस ओळखीचा नसेल तर लॅपटॉप सोबत घेऊन जावा.