डीएनएसाठी पानं गोळा करताना

जंगल पुन्हा उभं करायचं तर कुठल्या झाडांचं बी घ्यायचं, हे ठरवायला मी संशोधकांसाठी पानं गोळा करते. सगळ्यात आधी अंतर सांभाळा. शेजारशेजारची झाडं बहुधा एकाच आईची लेकरं असतात. दोन नमुन्यांत निदान 50 मीटर सोडा, जमलं तर 100.

पान कोवळं, निरोगी घ्या. किडक्या पानाबरोबर बुरशीचाही डीएनए येतो. एका झाडाचं एक कागदी पाकीट, तेही सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, घट्ट डब्यात. जेल पानाच्या दहापट वजनाचं. माझं पहिलं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत काळं पडलं. त्या म्हाताऱ्या झाडापर्यंत पुन्हा चढून गेले, फार वाईट वाटलं होतं.

क्रमांक, तारीख, जीपीएस पेन्सिलीनं लिहा, शाई पसरते. झाड कुणी लावलेलं असेल तर तेही नोंदवा.