वादळी पावसानंतर ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ओढ्याकाठी चालताना

आधी फाटकावर वाट खुली आहे का विचारा. बंद म्हटलं की हुज्जत नको. आडवं पडलेलं झाड लागलं तर मुळांकडून वळसा घालू नका. तिथली माती पोकळ झालेली असते. शेंड्याकडून जा, पण वर अर्धवट तुटून लोंबणारी फांदी नाही ना, ते बघून.

ओढा अरुंद जागी ओलांडायचा मोह होतो, आणि पाणी नेमकं तिथेच खोल, जोरकस. रुंद, उथळ जागा शोधा. सॅकचा कमरपट्टा सोडा, बूट पायातच ठेवा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाऊल. पाणी गुडघ्यावर असेल तर उतरूच नका. अचानक गढूळ होऊन काटक्या वाहू लागल्या, म्हणजे वर डोंगरात जोराचा पाऊस झालाय. लगेच काठापासून उंचावर सरका.