रास्पबेरी पाय सारखा बंद पडतोय? सिस्टीम बदलण्याआधी या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा अख्खा कॉम्प्युटर; त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी कार्डावर टाकतात. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेतून सरांचा फोन आला. "दादा, तीन वेळा सिस्टीम टाकली, तरी पाय दहा मिनिटांत बंद पडतोय. आता उबंटू ही दुसरी सिस्टीम टाकून बघू का?"

जाऊन बघितलं. पत्र्याच्या खोलीत टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४ लटकवलेला आणि त्याला मोबाईलचा जुना चार्जर. स्क्रीनच्या कोपऱ्यात लो व्होल्टेजची सूचना येऊन जात होती, पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चार्जर आणि वायर बदलली. सिस्टीम तीच ठेवली, पाय दिवसभर चालला.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. चार्जरवर ३ अँपिअर छापलेलं असलं तरी वायर बारीक आणि लांब असेल तर बोर्डापर्यंत येईतो व्होल्टेज पडतं. ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड तक्रार करतो, मंदावतो, बंदही पडतो. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर हवा. ३ वर तो सुरू होतो खरा, पण यूएसबीचा करंट ६०० मिलिअँपिअरवर अडवला जातो. मग हार्डडिस्क मध्येच गायब होते आणि दोष सिस्टीमच्या माथी मारला जातो.

उन्हाचंही तसंच आहे. चिप ८० अंशांपर्यंत तापली की आपला वेग कमी करते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची हवाच चाळिशीच्या वर असते, तिथे बंद डब्यात ठेवलेल्या पायचा जीव गुदमरणारच. हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) आणि छोटा पंखा बसवा, डब्याला भोकं ठेवा.

आता सिस्टीम. ती दिसायला कशी आहे यापेक्षा बोर्ड कोणता आणि काम काय, हे आधी बघा. कॉम्प्युटरसाठीची विंडोज किंवा लिनक्सची आयएसओ फाईल (सिस्टीम टाकायची फाईल) इथे चालत नाही, कारण पायचा प्रोसेसर मोबाईलसारखा एआरएम जातीचा असतो. झीरो २ डब्ल्यू या छोट्या पायमध्ये रॅम फक्त ५१२ एमबी. त्यावर डेस्कटॉप टाकून ब्राउझर उघडला की तो अडकून पडतो. तिथे रास्पबेरी पाय ओएस या पायच्या स्वतःच्या सिस्टीमची, डेस्कटॉप नसलेली 'लाईट' आवृत्तीच घ्या. सुरुवातीचा पाय १ आणि पहिला झीरो ६४ बिट सिस्टीम उचलतच नाहीत. पाय ४ मधलं जुनं कार्ड पाय ५ मध्ये घातलं आणि पडदा काळाच राहिला, तर बोर्ड खराब समजू नका. पाय ५ ला रास्पबेरी पाय ओएसची २०२३ ची 'बुकवर्म' नावाची आवृत्ती किंवा त्यानंतरची लागते. कार्डावर सिस्टीम लिहिणाऱ्या रास्पबेरी पाय इमेजर या सॉफ्टवेअरमध्ये आधी बोर्ड निवडला की न चालणाऱ्या सिस्टीम बऱ्याच अंशी आपोआप गळतात.

जुने व्हिडिओ बघून 'पाय' आणि 'रास्पबेरी' हे युजर-पासवर्ड टाकत बसू नका. एप्रिल २०२२ पासून ते काढून टाकलेत. युजर, पासवर्ड, वायफाय हे सगळं इमेजरमध्येच भरून घ्या. झीरो २ डब्ल्यूला मोबाईलचा हॉटस्पॉट दिसत नसेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर असणार. २.४ वर आणा.

लाईट गेल्यावर होणारं नुकसान मला सगळ्यात जास्त सलतं, कारण पोरांचं काम त्यात जातं. लिहिणं चालू असताना करंट तुटला की कार्डावरच्या फाईली बिघडतात. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर दहा मिनिटं आधी मेनूतून शटडाऊन करा. पाय फक्त काही दाखवायलाच लावला असेल तर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाईल सिस्टीम चालू करा, म्हणजे कार्डावर लिहिणंच थांबतं. मात्र ती चालू असताना जपून ठेवलेलं काहीही पुढच्या वेळी सापडणार नाही.

लाईट आल्यावर वेबसाईट सर्टिफिकेटची चूक दाखवायला लागल्या तर घड्याळ बघा. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत बॅटरीचं घड्याळ नाही, नेट मिळेपर्यंत तारीख मागेच राहते.

आणि कार्ड लॅपटॉपला लावल्यावर विंडोजने 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. कार्डावरचा लिनक्सचा भाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून ते विचारतं. आतलं काम जागेवरच असतं.