बंद पडलेलं कार्ट्रिज पेन पुन्हा लिहितं करताना

ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पार्कर व्हेक्टर हे शाईचं पेन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. निबखालच्या जिभेला केसाएवढ्या खाचा असतात, त्यांत शाई वाळून बसलेली असते. जुनं कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेली प्लास्टिकची नळी, काढा आणि निबचा भाग वाटीभर कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं. पाण्यात शाईचे निळे धागे उतरू लागले की काम सुरू झालं समजा. पाणी बदलत राहा. मग बिनसुईच्या सिरिंजने मागच्या बाजूने हळूहळू पाणी सोडा, टोकातून स्वच्छ येईपर्यंत. तरीही अडलं, तर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब घालून भिजवा. नंतर मात्र भरपूर धुवा, कारण साबण राहिला तर शाई कागदावर फुटते. निब ओढून काढू नका. टोक खाली करून टिश्यूवर उभं ठेवा, पाणी निथळेल.

कार्ट्रिज पार्करचंच घ्या. इतर अनेक पेनांना चालणारं आखूड 'आंतरराष्ट्रीय' मापाचं कार्ट्रिज यात बसत नाही. सरळ, घट्ट दाबून बसवा. 10 मिनिटांत शाई उतरली नाही, तर कार्ट्रिज मधोमध अलगद दाबा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई यात कधीच भरू नका, वाळली की ती पाण्याने सुटत नाही.