उझी माशी: नव्याने रेशीम शेती करणाऱ्यांसाठी

जालना-बीडकडे तुती वाढली, तसे आमची शेड बघायला येणारेही वाढले. जो येतो तो आधी कोषाचा भाव विचारतो. मी त्याला आधी दार दाखवतो (हाकलायला नव्हे). दारं दोन हवीत, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा हवी, आणि बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. खिडक्या-झरोक्यांना बारीक नायलॉन जाळी. हा सगळा खटाटोप उझी माशीसाठी.

ही घरमाशीहून थोराड, राखाडी, पाठीवर काळे पट्टे. वाढीच्या चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या रेशीम अळीच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातली मॅगट (माशीची अळी) कातडी भेदून आत शिरते आणि तिथे काळा डाग पडतो. डाग दिसला की ती अळी गेलीच समजा. लागण लवकर झाली तर अळी कोष करण्याआधीच मरते. उशिरा झाली तर कोष होतो, पण मॅगट त्याला भोक पाडून बाहेर येते. भोकाच्या कोषाचा अखंड धागा निघत नाही, मग भाव कसला?

नवे लोक दिवसभर अळ्या न्याहाळतात, जमिनीकडे कोणी बघत नाही. बाहेर पडलेली मॅगट अंधार शोधते: फरशीच्या फटी, रॅकच्या पायाशी साचलेली माती, पाल्याचा कचरा. तिथे ती तांबूस-तपकिरी कोशात जाते आणि 10-12 दिवसांत माशी होऊन उडते. एक मादी तीनशेच्या आसपास अंडी घालते. म्हणून फटी सिमेंटने बुजवा. रोज सकाळी कोपरे झाडून मॅगट आणि कोश वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. बेडचा (अळ्यांखालच्या पाल्याच्या थराचा) कचरा शेडजवळ टाकू नका.

शेडमध्ये कीटकनाशक मारायचा विचारही नको, माशीआधी अळ्या मरतील. त्यापेक्षा नेसोलिंक्स थायमस हा इवलासा मित्रकीटक सोडा. तो उझीच्या कोशात अंडी घालतो, रेशीम अळीला हात लावत नाही. पाचव्या अवस्थेत सोडाच, पण कोष काढल्यावर खताच्या खड्ड्यापाशीही सोडा. बरेच जण तिथेच कंटाळा करतात.

शेजाऱ्यालाही सोबत घ्या. 1980 मध्ये ही माशी बंगालमधून कोषांबरोबर कर्नाटकात पोचली. तुमच्या गावात यायला तिला एक पोतं पुरे.

पेब्रिन या रेशीम अळीच्या रोगाचं गणित वेगळं. तो मादी पतंगाकडून अंड्यातच उतरतो, शेडमध्ये त्यावर उपाय नाही. पाश्चरने 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये बसवलेली मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची रीत आजही चालते. अंडीपुंज किंवा चॉकी (सुरुवातीला वाढवून दिलेल्या लहान अळ्या) घेताना तपासणी झालीय का, हे विचारायला लाजू नका.