एमए मानसशास्त्राचं डिझर्टेशन करताय? या चुका टाळा

डिझर्टेशनचा विषय ठरला की बरेच विद्यार्थी त्याच संध्याकाळी गूगल फॉर्म बनवायला घेतात. फॉर्मची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी.

पहिली चूक सॅम्पलची. ‘दोन्ही गटांत ३०-३० घे, पुरतात,’ हा सल्ला एका बॅचकडून पुढच्या बॅचला मिळत राहतो. पण दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक (कोहेनचा डी ०.५) टी-टेस्टने पकडायचा असेल, तर ०.०५ सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात ६४ जण लागतात. ३०-३० मध्ये तो फरक हाती लागण्याची शक्यता निम्म्याहून कमी. मग ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलं जातं आणि मुलांची वर्षभराची मेहनत वाया जाते, याचं फार वाईट वाटतं. जी-पॉवर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. सिनॉप्सिस गाईडकडे नेण्याआधीच त्यात किती माणसं लागतील हा आकडा काढा. तेवढी माणसं मिळणारच नसतील, तर मोजक्या लोकांच्या सखोल मुलाखती घेऊन गुणात्मक अभ्यास करा. त्यात काही कमीपणा नाही.

इंग्रजी स्केल (मोजमापाची प्रश्नावली) रात्रीत स्वतःच मराठीत उतरवून वाटणं ही दुसरी चूक. आधी शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध चाळा, मराठी आवृत्ती कुणीतरी केलेली असू शकते. नसेल तर मूळ कर्त्याची परवानगी घ्या. एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं, दोन्ही ताडून पाहावं आणि मग थोड्या लोकांवर पायलट घ्यावा. नमुना ग्रामीण असेल तर पायलट गावातच घ्या, कॉलेजच्या कट्ट्यावर नको.

तिसरी चूक घाबरण्याची. स्केलची विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रोनबाखचा अल्फा ०.३ आला, किंवा चक्क उणे आला? घाबरून प्रश्न वगळत सुटू नका. आधी उलट गुणांकनाची विधानं (ज्यांत होकाराला कमी गुण द्यायचे असतात ती) तपासा. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान स्केलमध्ये १० पैकी ५ विधानं उलटी आहेत. ती उलटवायची राहिली की सगळं गणित कोसळतं, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

चौथ्या चुकीत मात्र कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्ममध्ये कुणी ‘जवळजवळ रोज’ निवडलं, तर तुम्ही त्या माणसापर्यंत पोहोचणार कसे? असा प्रश्न ठेवायचा असेल तर प्रत्यक्ष भेटून डेटा घ्या, उत्तरं त्याच दिवशी वाचा आणि असं उत्तर दिसलं तर कुणाला कळवायचं हे गाईडबरोबर आधीच ठरवा. संमतीपत्रात गोपनीयतेची ही मर्यादा स्पष्ट लिहा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक फॉर्मच्या सुरुवातीला आणि शेवटीही ठळक छापा.